टीबी वॉर्डात आठवड्याला एकच एन-९५ मिळतो, काय करू?

पत्र (थोडं कमी करून देतेय, नाव-गाव काढून टाकलंय): "मी विदर्भात एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी हॉस्पिटलात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. गेल्या वर्षापासून एमडीआर (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या) टीबीच्या वॉर्डात ड्युटी आहे. स्टोअरमधून आठवड्याला एकच एन-९५ येतो. इन्चार्ज सिस्टर म्हणतात साबणाच्या पाण्यातून काढ आणि उन्हात वाळव, महिनाभर चालतो. मी आत सर्जिकल मास्क लावून वरून एन-९५ घालते, तरी चष्म्यावर वाफ येतेच. मामा आणि मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) तर साधाच मास्क देतात. उन्हाळा लागला की खिडक्या बंद करून एसी लावतात. मागच्या महिन्यात आमच्यातल्याच एका सिस्टरला टीबी निघाला, तेव्हापासून सासूबाई मला मुलाला जवळ घेऊ देत नाहीत, तो दोन वर्षांचा आहे. माझा मास्क खरंच काम करतोय का? बदली मागू का? मेट्रन मॅडमशी बोलायची भीती वाटते, कंत्राट रिन्यू व्हायचंय."

सिस्टर, आधी मुलाचं बोलू कारण पत्रात सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकलेला दिसतोय. टीबी कपड्याला चिकटून घरी येत नाही, हाताला लागून येत नाही, डब्यातून-भांड्यातून येत नाही. ज्याला फुफ्फुसाचा टीबी झालाय तो खोकला, बोलला, शिंकला की जे अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात ते दुसऱ्याच्या श्वासातून खोल फुफ्फुसात गेले तरच लागण होते. तुम्हाला आज खोकला नसेल, ताप नसेल, वजन उतरत नसेल, तर तुमच्यापासून मुलाला फारसा धोका नाही. ड्युटीवरून आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला, ते हॉस्पिटलच्या बाकी जंतूंसाठी चांगलंच आहे, पण मग त्याला कडेवर घ्या. सासूबाईंना हे वाचून दाखवा हवं तर. लक्ष ठेवायचंय ते तुमच्या स्वतःच्या तब्येतीवर, त्यावर शेवटी येते.

आता मास्क. साबणाच्या पाण्यात बुडवणं आजपासून बंद, मी अगदी हात जोडून सांगतेय. एन-९५ म्हणजे जाड कापडाचा फडका नाही. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिशय बारीक धागे असतात आणि तयार करतानाच त्या धाग्यांवर विजेचा भार बसवलेला असतो, हवेतले कण त्या भारामुळे ओढले जाऊन धाग्याला चिकटतात. म्हणून तर त्यातून श्वासही घेता येतो आणि कणही अडतात. साबणाचं पाणी लागलं, सॅनिटायझर फवारलं, स्पिरीटने पुसलं की तो भार उतरतो. मास्क दिसायला तसाच राहतो, उलट पांढराशुभ्र दिसतो आणि तिथेच फसगत होते, कारण आतून त्याची गाळायची ताकद बरीच गेलेली असते आणि ते डोळ्यांना कळायला मार्ग नाही. शिवाय विदर्भातल्या उन्हात टाकलेलं इलॅस्टिक किती दिवस टिकतं ते तुम्हाला मी सांगायला नको. इन्चार्ज सिस्टर वाईट हेतूने सांगत नसणार, स्टोअरमधून माल येत नाही म्हणून कुणीतरी काढलेला मार्ग आहे तो, पण मार्ग चुकीचा आहे.

तुमचा खरा प्रश्न मात्र वाफेत आहे. चष्म्यावर वाफ येते म्हणजे श्वास सोडताना हवा नाकाजवळच्या फटीतून वर निघतेय आणि जिथून हवा बाहेर जाते तिथूनच श्वास घेताना आतही येते, न गाळता. हे नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथेच आहे. ९५ हा आकडा गाळणीचा आहे, ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असे कण किमान ९५ टक्के अडवले पाहिजेत असा त्याचा अर्थ. टीबीचे जंतू ज्या कणांवर बसून तरंगतात ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, म्हणजे गाळणीला सोपे. धड मास्कची गाळणी टीबीला पुरून उरते. घात होतो तो कडेला. हवा नेहमी सोपी वाट धरते, नाकाजवळ किंवा गालाजवळ बारीकशी फट असली तरी ती जाड गाळणीतून कशाला जाईल. आणि तुम्ही आत जो सर्जिकल मास्क घालताय ना, त्याच्या चुण्या एन-९५ च्या कडेखाली येतात आणि फट तयार करतात. दोन मास्क म्हणजे दुप्पट सुरक्षा असं वाटणं साहजिक आहे, पण एन-९५ ची कड थेट कातडीला लागली पाहिजे, मध्ये काहीही नको, सर्जिकल मास्क नको, गॉज नको, टिश्यू नको, केसांची बटसुद्धा नको.

घालताना असं करा. मास्क तळहातात धरा, नाकाची पट्टी बोटांच्या टोकाकडे, पट्टे खाली लोंबू द्या. हनुवटीखाली आधी बसवा मग नाकावर आणा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, खालचा कानांच्या खालून मानेवर. कित्येक जणी दोन्ही पट्टे मानेवरच ठेवतात किंवा एकमेकांवरून फुली करून घालतात, त्याने बाजूच्या कडा उचलल्या जातात. अंबाडा खाली मानेवर असेल तर खालचा पट्टा त्यावर चढतो आणि हळूहळू सरकतो, तेव्हा ड्युटीला केस जरा वर बांधा. मग नाकाची पट्टी, ही एका हाताच्या चिमटीने दाबू नका, चिमटीने मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना पोकळी राहते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मधोमध ठेवून बाहेरच्या बाजूला दाबत न्या म्हणजे पट्टी नाकाच्या आणि गालाच्या वळणावर बसेल. नंतर दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांवर, गालाला, कानाजवळ वारा लागला की फट आहे. मग श्वास जोरात आत घ्या, मास्क चेहऱ्याकडे किंचित ओढला गेला पाहिजे. ह्याला सील चेक म्हणतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते दर वेळी, अगदी दर वेळी वॉर्डात शिरायच्या आधी बाहेरच करायचं.

आणि कानात अडकवायच्या इलॅस्टिकचा मास्क मिळत असेल तर तो बदलून मागा. कानांच्या जोरावर कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही, डोक्यामागून जाणारे पट्टेच हवेत.

हे सगळं करूनही वाफ येत राहिली तर? तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही, तुमचं काही चुकत नाहीये. चेहरे वेगवेगळे असतात, कुणाचं नाक बसकं, कुणाची हनुवटी निमुळती, आणि स्टोअरमध्ये एकाच कंपनीचा एकाच साईजचा खोका आलेला असतो. म्हणून फिट टेस्ट असते. अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या नियमाप्रमाणे एन-९५ घालून काम करणाऱ्या प्रत्येकाची ती पहिल्यांदा घालण्याआधी आणि मग दरवर्षी करावीच लागते, आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी होते म्हणून जरा सविस्तर सांगते. डोक्यावरून एक पारदर्शक टोपडं घालतात आणि त्यात कडू औषधाचा (डेनाटोनियम) किंवा सॅकरीनच्या गोड पाण्याचा फवारा मारतात. आधी मास्क न घालता पातळ द्रावण फवारून बघतात की तुम्हाला चव कळते का, कारण काहींना कळतच नाही, त्यांना दुसरं द्रावण लागतं. मग तोंड धुवून मास्क घालायचा, पुन्हा टोपडं, ह्या वेळी कडक द्रावण, आणि एकेक मिनिट नुसता श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, कमरेत वाकणं, परत नुसता श्वास. मध्ये कुठेही जिभेला चव लागली की नापास, दुसरा मास्क घेऊन पुन्हा. त्याआधी १५ मिनिटं साध्या पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. यात महागडं मशीन लागत नाही, एक छोटी पेटी येते, एका पेटीत खूप जणांची टेस्ट होते, इन्फेक्शन कंट्रोल नर्स ती शिकून घेऊ शकते. मी हे करताना पाहिलंय की रोज बिनधास्त मास्क घालणारी अनुभवी सिस्टर मान वळवते आणि दचकून "कडू लागतंय!" म्हणते. सरळ उभं असताना फट नव्हती, पण बेडवर वाकून आयव्ही लावताना मान तशीच वळते ना. वजन बरंच वाढलं-उतरलं, बाळंतपण झालं, दात काढले-बसवले तर टेस्ट परत करायची.

तुमच्या ब्रदर लोकांपैकी (पुरुष नर्सपैकी) कुणाला दाढी असेल तर त्यांनाही सांगा, कडेखाली दाढीचे खुंट असतील तर सील होत नाही, दोन दिवसांची असली तरी. मिशी चालते, कडेच्या आत राहत असेल तर. धर्माने दाढी ठेवलेली असेल तर काढायला लावू नये, त्याला दुसरं काम किंवा सैल टोपाचा मोटरवाला रेस्पिरेटर द्यावा.

आता एक मास्क किती दिवस. इथे कोविडच्या वेळी शिकलेलं आणि टीबीचं जरा वेगळं आहे. तेव्हा आपण चार-पाच मास्क कागदी पिशव्यांत ठेवून आळीपाळीने वापरत होतो, कारण विषाणू मास्कच्या पृष्ठभागावर राहण्याची भीती होती. टीबी मास्कला हात लावून होत नाही, त्यामुळे तुमचाच मास्क तुम्ही पुन्हा घातला तर त्या कारणाने बिघडत नाही. बिघडतं ते इलॅस्टिक सैल पडल्याने, नाकाची पट्टी वाकून वाकून मोडल्याने, घामाने ओला झाल्याने. कंपनीने काही वेगळं सांगितलं नसेल तर एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवू नये असं अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोगनियंत्रण संस्था) सांगितलं होतं. तुमचा हिशोब मांडा, शिफ्टमध्ये जेवणाला एकदाच काढला तरी दोनदा चढवला, म्हणजे जेमतेम दोन ड्युट्या. आठवड्याला एक कसा पुरेल? आणि रक्त-थुंकी उडाली, ओला झाला, श्वास जड व्हायला लागला, सील चेक नापास झाला तर तेवढंही थांबायचं नाही, फेकायचा. ठेवताना स्वतःचं नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत दमट राहतो, ॲप्रनच्या खिशात चेपतो. हनुवटीवर ओढून बोलायची सवय असेल तर तीही सोडा. आणि काढायचा तो वॉर्डाच्या बाहेर येऊन दार लावल्यावर, समोरच्या भागाला हात न लावता आधी खालचा पट्टा मग वरचा, मग हात धुवायचे.

खोका एकदा बघून घ्या. आपल्याकडच्या मास्कवर आयएस ९४७३ आणि आयएसआयचा मार्क, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर असतो, तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की खरा का खोटा कळतो. भारतीय मानकात एफएफपी२ असं लिहिलेलं असतं, तो साधारण एन-९५ च्या तोडीचाच. अमेरिकन मान्यतेचा म्हणून विकतात त्यावर नायॉश या तिथल्या संस्थेचं नाव आणि टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर हवा, आणि तो कानात अडकवायचा असेल तर संशय घ्या. वॉल्व्हचा मास्क घालणाऱ्याला संरक्षण देतो पण त्याचा सोडलेला श्वास न गाळता बाहेर टाकतो, म्हणून जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहून तो वापरू नका म्हटलं होतं. पेशंटला तर कधीच नाही.

आणि मामा-मावशी! पत्रात तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. सर्जिकल मास्क बाजूंनी उघडा असतो, तो घालणाऱ्याचा खोकला अडवायला असतो, हवेतला टीबी आत येऊ न द्यायला नाही. पेशंटला सर्जिकल आणि स्टाफला एन-९५ अशीच ती वाटणी आहे, आणि स्टाफ म्हणजे जो कोणी त्या हवेत श्वास घेतो तो प्रत्येक जण. कण हवेत तासनतास राहू शकतात. खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर पेशंट बाहेर गेल्यावरही ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटं लागतात, १२ वेळा बदलत असेल तर २३. मग पेशंट हलवला की लगेच फरशी पुसायला कोण जातं? मावशी. सगळ्यात वाईट हवेत सगळ्यात पातळ मास्क घालून. तुम्ही तुमच्यासाठी अर्ज कराल तेव्हा त्यात त्यांचं नाव आलंच पाहिजे.

उत्तम बसलेला एन-९५ सुद्धा कामाच्या ठिकाणी साधारण दहापट संरक्षण धरून चालायचं असतं, म्हणजे दहातला एक भाग आत येऊ शकतो असं समजायचं. म्हणून वॉर्डातली हवाच स्वच्छ ठेवणं हे मास्कच्याही आधीचं काम आहे. खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावणं म्हणजे तीच हवा गार करून सगळ्यांमध्ये फिरवणं, तो बाहेरची हवा घेतच नाही. पेरू देशात लिमाच्या ८ हॉस्पिटलांत मोजमाप झालं होतं, २००७ साली छापून आलं. नुसती दारं-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला साधारण २८ वेळा बदलली, आणि १९५० च्या आधीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तर ४० वेळा. आपली जुनी सिव्हिल हॉस्पिटलं तशीच बांधलेली आहेत, त्यांच्या खिडक्या उघड्या ठेवा एवढंच म्हणणं आहे. आता मे महिन्यात ४५ डिग्रीला खिडक्या उघडा हे सांगणं मला सोपं आहे हे मान्य, पण तुमच्याकडे कूलर आहेत ना? खिडकीच्या बाहेर बसवलेला वाळ्याचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, समोरची खिडकी उघडी ठेवली की वॉर्डातली हवा तिकडून निघून जाते. एसीपेक्षा टीबी वॉर्डाला तो कितीतरी बरा. फक्त कूलर खोलीच्या आत ठेवू नका, आणि नर्सिंग स्टेशनचं टेबल कूलरच्या बाजूला घ्या, म्हणजे हवा तुमच्याकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर जाईल, उलटी नको.

पेशंटने मास्क लावला तर फरक किती पडतो तेही लिमासारखंच मोजलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत एमडीआर टीबीच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांना देऊन बघितलं, पेशंटनी सर्जिकल मास्क लावले त्या दिवसांच्या हवेने लागण ५६ टक्के कमी झाली. तेव्हा राऊंडच्या वेळी, ड्रेसिंगच्या वेळी पेशंटला मास्क लावायला सांगा, दटावून नाही तर समजावून, त्यांनाही श्वास जड जातो. आणि थुंकीचा नमुना वॉर्डात किंवा बाथरूममध्ये नाही, बाहेर मोकळ्या हवेत, तुम्ही दूर उभ्या राहून.

मेट्रन मॅडमशी एकट्याने बोलायला जाऊ नका. तिन्ही शिफ्टच्या सिस्टर-ब्रदर, मामा-मावशी सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज करा, सही करणाऱ्यांत एखादी पर्मनंट सिस्टर पहिली असू द्या. तक्रारीची भाषा नको, मागणी साधी ठेवा. रोज किती माणसं वॉर्डात जातात आणि दोन ड्युट्यांना एक धरून महिन्याला किती मास्क लागतील त्याचा आकडा, दोन-तीन वेगवेगळ्या साईज आणि आकार, फिट टेस्टची एक पेटी, खिडक्या आणि कूलर, आणि टीबी झालेल्या सिस्टरची भरपगारी रजा. वर इन्फेक्शन कंट्रोल कमिटीचं नाव घाला, आणि केंद्र सरकारच्याच २०१० च्या हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यांचा उल्लेख करा, म्हणजे ही कुणा एका नर्सची हौस नाही हे दिसेल. प्रत घ्या, आवक-जावकचा शिक्का घ्या. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेच्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून धरले होते, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आलीय, त्या सिस्टरला त्याचा उपयोग होतो का ते युनियनच्या वकिलाला विचारा, कागद मात्र आत्तापासून जपून ठेवा.

तब्येतीचं सांगते म्हटलं होतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं काहीही झालं तर वॉर्डातल्या डॉक्टरांना जाता जाता विचारून गोळ्या घेऊ नका, रीतसर थुंकीची सीबीनाट किंवा ट्रूनाट (टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या तपासण्या) आणि छातीचा एक्स-रे करा. काही नसलं तरी वर्षातून एकदा एक्स-रे करून घ्या.

बदलीचं म्हणाल तर डायबेटीस असेल, स्टेरॉईड चालू असतील, पुन्हा दिवस राहिले असतील तर आजच मागा आणि मनात काही ठेवू नका. तसं काही नसेल तर आधी हा अर्ज द्या, महिनाभर वाट बघा. मास्क आले, खिडक्या उघडल्या तर ज्या कामात तुमचा हात बसलाय ते सोडायचं कारण नाही. काहीच हललं नाही तर बदलीचा अर्ज करा आणि त्यात कारण म्हणून पहिल्या अर्जाची तारीख आणि आवक नंबर लिहा.